कलांचो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कलांचोबद्दल येणारे बरेच प्रश्न एकाच तक्रारीने सुरू होतात: "आणलं तेव्हा फुलांनी भरलेलं होतं, नंतर एकही फूल नाही." या प्रश्नाचं उत्तर खाली आठव्या क्रमांकावर आहे, घाई असेल त्यांनी आधी ते वाचावं. बाकीचे प्रश्न साध्यापासून अवघडाकडे लावले आहेत. जिथे एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जातो, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कलांचो म्हणजे नक्की कुठलं झाड? पानफुटी आणि कलांचो एकच का?

एकाच घरातली दोन भावंडं. कलांचो या वंशात शंभराहून जास्त जाती आहेत. लाल, केशरी, पिवळ्या, गुलाबी किंवा पांढऱ्या फुलांचे गच्च तुरे येणारं जे बुटकं झाड कुंडीत विकायला असतं, ते कलांचो ब्लॉसफेल्डियाना. मूळचं ते उत्तर मादागास्करमधल्या त्सारातानाना पर्वतभागातलं. जर्मनीतल्या पॉट्सडॅमचे बियाणं-व्यापारी रॉबर्ट ब्लॉसफेल्ड यांनी १९३२ मध्ये ते बागप्रेमींपर्यंत आणलं आणि त्यांचंच नाव त्याला चिकटलं. पानफुटी म्हणजे कलांचो पिन्नाटा. तीही मादागास्करचीच, पण तिची फुलं खाली लोंबणारी आणि पानांच्या खाचांतून पिल्लं फुटणारी.

या पानावर "कलांचो" म्हटलं की ते ब्लॉसफेल्डियानाच समजा. ते डोंगरातलं झाड आहे, वाळवंटातलं नाही. मांसल पानं बघून त्याला निवडुंगासारखं महिनामहिना कोरडं ठेवणं हीसुद्धा चूकच.

२. उन्हात ठेवू की सावलीत?

भरपूर उजेडात. सकाळचं तीन-चार तासांचं कोवळं ऊन आणि उरलेला दिवस लख्ख उजेड ही सगळ्यात चांगली जागा. उन्हाळ्यातलं दुपारचं ऊन पानं भाजतं, तेवढं टाळा. घरात ठेवायचं असेल तर खिडकीला अगदी लागून ठेवा. खोलीच्या मधल्या टेबलावर फुललेलं झाड दोन-तीन आठवडे शोभेला चालेल, पण कायमचं तिथे ठेवलं तर ते उजेडाच्या शोधात लांबुडकं होत जाईल (प्रश्न १६).

३. पाणी किती दिवसांनी घालायचं?

दिवस मोजू नका. बोट मातीत दोन पेरं खुपसा. आतपर्यंत कोरडं लागलं तर पाणी घाला, ओल लागली तर थांबा. घालाल तेव्हा मात्र कुंडीच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घाला आणि खालच्या ताटलीत साचलेलं लगेच ओतून द्या. रोज घोटभर पाणी घालायची सवय सगळ्यात वाईट, कारण वरची माती कायम ओली राहते आणि खालच्या मुळांना धड काहीच मिळत नाही.

हे झाड इतक्या कमी पाण्यावर कसं जगतं, हेही पुष्कळजण विचारतात. बहुतेक झाडं दिवसा पानांची रंध्रं उघडतात, त्यातून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि त्याच वाटेने त्यांचं पाणी उडून जातं. कलांचो रंध्रं रात्री उघडतं. गारव्यात घेतलेला वायू आम्लाच्या रूपात पानात साठवून ठेवतं आणि दिवसा, रंध्रं मिटलेली असताना, उजेडाच्या जोरावर त्याचं अन्न बनवतं. या पद्धतीला शास्त्रात कलांचोच्याच क्रासुलेसी कुलाचं नाव मिळालं आहे. रात्र या झाडाच्या आयुष्यात किती महत्त्वाची आहे ते पुढे फुलांच्या प्रश्नात परत येईलच.

पाणी मातीवर घाला, पानांवर आणि फुलांवर नको. तुऱ्यात अडकलेलं पाणी फुलं कुजवतं. सतत पाऊस असेल तर कुंडी आडोशाला घ्या.

४. माती कशी असावी आणि कुंडी किती मोठी?

पाणी घातल्यावर ते वर तळं करून न थांबता सरळ खाली गेलं पाहिजे, ही एकच परीक्षा. साधारण दोन भाग बागेची माती किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग जाडी वाळू किंवा पर्लाइट (हलके पांढरे खनिज दाणे) आणि एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत हे मिश्रण चालतं. माती चिकण असेल तर वाळू वाढवा. बारीक वाळू घालू नका, ती मातीच्या फटी बुजवते आणि निचरा उलट बिघडतो.

कुंडी लहान बरी. मुळांच्या गड्ड्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर रुंद पुरे. मोठ्या कुंडीतली जास्तीची माती मुळं पोचेपर्यंत ओलीच राहते. मातीची कुंडी लवकर सुकते, म्हणून हात सढळ असणाऱ्यांनी तीच घ्यावी.

५. आणलेल्या रोपाची कुंडी लगेच बदलू का?

फुलं असेपर्यंत नको. मुळं हलली की कळ्या गळतात. फुलोरा संपल्यावर, छाटणीच्या वेळी (प्रश्न ७) कुंडी बदला. अपवाद एकच: माती चिखलासारखी भिजलेली असेल आणि सुकतच नसेल, तर फुलांचा मोह सोडून लगेच बदला.

६. खत कोणतं आणि किती?

हे झाड खादाड नाही. वाढीच्या काळात महिन्यातून एकदा, संतुलित द्रवरूप खत पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणाच्या निम्मं पातळ करून. फुलं असताना आणि कडक थंडीत काही देऊ नका. नत्र जास्त झालं की पानं मोठी, लुसलुशीत होतात आणि झाड फुलायचं विसरल्यासारखं वाढत राहतं. "फुलांसाठी कोणतं खत घालू?" असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे: खत नको, अंधार द्या. कसा द्यायचा ते प्रश्न ८ मध्ये.

७. फुलं सुकली. आता झाड टाकून द्यायचं का?

अजिबात नाही! बाजारात ते एका बहराची शोभा म्हणून विकलं जातं, पण कलांचो बहुवर्षायू आहे. सहा-आठ आठवड्यांचा बहर ओसरला की प्रत्येक फुलदांडा त्याच्या खालच्या निरोगी पानांच्या जोडीच्या जरा वर कापा. नुसती सुकलेली फुलं खुडून दांडा ठेवलात तर तो वाळून तसाच उभा राहतो. लांब झालेल्या फांद्याही याच वेळी एक तृतीयांश कमी करा. कापल्या जागी दोन कोंब फुटतात आणि पुढच्या वेळी तुरे दुप्पट होतात. नवी फूट आली की तिचेही शेंडे एकदा खुडा. कापलेल्या फांद्या फेकू नका, त्या प्रश्न ११ साठी ठेवा.

८. झाड वर्षभर हिरवंगार आहे, पण एकही कळी नाही. काय चुकतंय?

बहुधा तुमची काळजी चुकत नाहीये, रात्र अपुरी पडते आहे. कलांचो हे छोट्या दिवसाचं झाड आहे. रात्र सलग बारा तासांहून मोठी होऊ लागली की त्याच्या पानांना ऋतू पालटल्याचं कळतं आणि शेंड्यांना कळ्या धरायचा निरोप जातो. उघड्यावर, दिव्यांपासून दूर असलेलं झाड म्हणूनच आपोआप फुलतं: उत्तर गोलार्धात सप्टेंबरअखेर रात्री मोठ्या होऊ लागतात आणि पुढे हिवाळ्यात बहर येतो, दक्षिण गोलार्धात हेच मार्चनंतर. घरात मात्र संध्याकाळी दिवे लागतात ते झोपेपर्यंत चालू असतात. झाडाच्या लेखी तो दिवसच.

उपाय सोपा आहे, फक्त नेम हवा. सलग सहा आठवडे रोज चौदा तास पूर्ण काळोख द्यायचा. संध्याकाळी सहाला झाडावर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घाला, सकाळी आठला काढा. कपाटात ठेवलं तरी चालेल. उरलेले दहा तास ते लख्ख उजेडात असायलाच हवं, नाहीतर कळ्यांना लागणारं अन्न तयार होणार नाही. खोक्याला फटी नकोत. उकाडा असेल तर खोकं जरा मोठं घ्या, म्हणजे आत हवा कोंडणार नाही. पाणी या काळात थोडं कमी.

चार ते सहा आठवड्यांत शेंड्यांच्या मधोमध हिरव्या मण्यांसारखे कळ्यांचे घोस दिसू लागतात. सहा आठवडे पूर्ण झाले की खोक्याला सुट्टी. काळोख सुरू केल्यापासून फुलं उमलेपर्यंत एकंदर दहा ते चौदा आठवडे जातात, तेव्हा ज्या दिवशी फुलं हवीत तिथून उलटे आठवडे मोजून सुरुवात करा. पहिल्या वेळी मी तिसऱ्या आठवड्यात धीर सोडून खोकं काढलं होतं. त्याचं काय झालं ते प्रश्न १० मध्ये आहे.

९. मध्येच एखाद्या रात्री दिवा लागला तर सगळं फुकट जातं का?

एखाद्या रात्रीने फुकट जात नाही, पण रोज असं होत असेल तर हो. झाड मोजतं ती सलग काळोखाची लांबी. पानांतलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य उजेड टिपतं, आणि मध्यरात्री थोडा वेळ लागलेला दिवाही एका मोठ्या रात्रीच्या दोन छोट्या रात्री करून टाकतो. तांबड्या प्रकाशाला ते सर्वांत जास्त दाद देतं. मोठे उत्पादक हीच गोष्ट दोन्ही बाजूंनी वापरतात: फुलं लांबवायची तर मध्यरात्री दिवे लावतात, आणायची तर काळं कापड ओढतात. म्हणून तर कलांचो बाराही महिने फुललेलं मिळतं.

रस्त्यावरच्या दिव्याखालची बाल्कनी यासाठी वाईट. चांदण्याची काळजी करू नका.

१०. अंधार दिला, पण फुलांच्या तुऱ्यात मधेच पानं आली. हा रोग आहे का?

रोग नाही. निरोप अर्धवट पोचला. काळोखाचे दिवस कमी पडले किंवा मध्ये खंड पडला की शेंडा फुलोरा काढायला लागतो आणि अर्ध्यात मन बदलल्यासारखा पुन्हा पानांकडे वळतो. मी लवकर खोकं काढलेल्या झाडावर नेमके असे हिरवे, पानाळ तुरे आले होते. ते तुरे सुधारत नाहीत. कापून टाका, नवी फूट येऊ द्या आणि पुढच्या वेळी सहा आठवडे पुरे करा.

रात्री फार उष्ण असतील तर मात्र नेम पाळूनही कळ्यांना उशीर होतो. अशा हवेत खोक्याचा खटाटोप गार दिवसांपर्यंत पुढे ढकलणं शहाणपणाचं.

११. फांदीपासून नवीन रोप कसं करायचं?

सगळ्यात खात्रीची रीत हीच. फुलं नसलेला, निरोगी शेंडा निवडा. बोटभर, म्हणजे पाच ते आठ सेंटिमीटर लांबीचा, पानांच्या दोन-तीन जोड्या असलेला. स्वच्छ धारदार ब्लेडने पेराच्या जरा खाली कापा. खालची पानांची जोडी काढून टाका, कारण मातीत गाडलेलं पान कुजतं आणि सोबत खोडही कुजवतं. छाट सावलीत एक-दोन दिवस उघडी ठेवा, म्हणजे कापलेली जागा सुकून बंद होते. मग किंचित ओलसर वाळू-कोकोपीटमध्ये एक पेर आत जाईल इतकी खोचा आणि भोवतीची माती बोटाने दाबा.

उजेड हवा, थेट ऊन नको. पाणी बेताचं. निवडुंगवर्गीय झाडांच्या सवयीने पुष्कळजण छाट अगदी कोरडी ठेवतात, तेवढी गरज नाही. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. हलकेच ओढून बघितल्यावर छाट अडून बसली की मुळं आली समजा. मूळ फुटायची पावडर लावली नाही तरी चालतं.

वेळेचं एक पथ्य आहे, आणि ते सहसा कुणी सांगत नाही. छाटी दिवस मोठे असताना लावा. मोठ्या रात्रींच्या काळात लावलेली इवलीशी छाट वाढायच्या आधीच कळ्या धरते, आणि मग ते रोप महिनोन्महिने खुरटं राहतं. तसं झालंच तर जीव घट्ट करून कळ्या खुडा.

१२. पाण्याच्या ग्लासात मुळं फुटतात का?

फुटतात. पण पाण्यातली मुळं नाजूक असतात, मातीत गेल्यावर त्यातली बरीच मरतात आणि झाडाला पुन्हा सुरुवात करावी लागते. गंमत म्हणून करायचं असेल तर फक्त खोडाचं टोक बुडेल इतकंच पाणी ठेवा, ते दोन दिवसांनी बदला आणि मुळं दोन सेंटिमीटरची होताच मातीत लावा.

१३. पानफुटीसारखं एका पानापासून रोप येईल का?

येऊ शकतं, पण भरवसा नाही. पानफुटीच्या पानाच्या खाचांत नव्या रोपाचे अंकुर आधीच दडलेले असतात. आपल्या कलांचोच्या पानात तशी तयारी नसते. देठासकट, बुडातून न फाटता निघालेलं पान मातीवर टेकवून ठेवलं तर मुळं बऱ्याचदा येतात, पण पुढे कोंब फुटायला खूप वेळ लागतो आणि कित्येक पानं नुसती मुळांवर जगत राहतात. खाली पडलेलं पान वाया जाऊ नये म्हणून जरूर लावा. रोपं हवी असतील तर प्रश्न ११ चीच वाट धरा.

१४. बी लावून बघू का?

बी धुळीसारखं बारीक असतं आणि रुजायला त्याला उजेड लागतो. ते मातीने झाकू नका, नुसतं वर भुरभुरा, फवाऱ्याने भिजवा आणि वर पारदर्शक झाकण ठेवा. आणखी एक गोष्ट मनाशी ठेवा: विकत मिळणारे कलांचो बहुतेक संकरित असतात, त्यामुळे बियांपासून आलेलं रोप आईसारखं निघेलच असं नाही.

१५. फुलं असलेली फांदी मोडली. ती लावली तर?

फुलदांड्याला पुढे वाढणारा शेंडा उरलेला नसतो, त्याचं काम फुलांपाशी संपतं. दांड्यावरची फुलं कापून पाण्यात ठेवा, बरेच दिवस ताजी राहतात. मोडलेल्या तुकड्याला खाली नेहमीच्या पानांच्या जोड्या असतील तर फुलांचा भाग कापून उरलेली छाट लावा. पानांच्या बगलेतून नवी फूट येते.

१६. झाड लांबुडकं झालं, खाली खोड उघडं पडलं आणि हवेतच मुळं फुटली. काय करू?

लांबुडकं होणं हे बहुधा उजेड कमी असल्याचं लक्षण, आणि वयाचंही. हवेतली मुळं काही वाईट नाहीत, ते खोड रुजायला तयार आहे एवढंच सांगतात. मुळांच्या खाली कापा आणि तेच टोक लावा, ही छाट सगळ्यांत लवकर धरते. जुनं खोड बुडाशी चार बोटं ठेवून जगवता येतं, फक्त त्याला पानं नसल्यामुळे पाणी अगदी कमी द्या. दोन-तीन वर्षांनी छाटींमधून झाड नवं करत राहणं हेच बरं.

१७. पानं सुरकुतली आहेत आणि माती तर ओली आहे. पाणी घालू का थांबवू?

थांबवा. फसवणारं लक्षण आहे हे. तहानलेल्या झाडाची पानं मऊ पडतात, आणि मुळं कुजलेल्या झाडाचीही, कारण मुळंच नाहीत तर ओल्या मातीतलं पाणी वर जाणार कसं? फरक मातीत बोट घालून कळतो. माती कोरडी असेल तर एकदा भरपूर पाणी द्या, एक-दोन दिवसांत पानं टरारतील. माती ओली असेल तर खोड बुडाशी दाबून बघा. मऊ, काळपट लागलं तर मूळकूज वर चढली आहे. झाड उपटा आणि वरून हिरवा, टणक भाग शोधत कापत जा. कापलेल्या जागी मधोमध तपकिरी ठिपका किंवा कडं दिसेनासं झालं की थांबा. ब्लेड दर वेळी पुसा. उरलेला शेंडा नेहमीपेक्षा जास्त, तीन-चार दिवस सुकवून लावा. बाकीचं झाड वाचवण्याच्या नादात शेंडाही घालवू नका.

१८. पानांवर पांढरं काहीतरी आलंय. बुरशी की कीड?

कापसाचे पुंजके, तेही पानांच्या बगलेत आणि चिकट, तर पिठ्या ढेकूण. पिठासारखा पसरलेला थर, तर भुरी. पिठ्या ढेकूण स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने एकेक पुसून काढा आणि आठवड्याने पुन्हा तपासा, लपलेली पिल्लं तेव्हा बाहेर पडतात. कुंडी इतर झाडांपासून लांब ठेवा. भुरीसाठी बाधलेली पानं काढा, झाडाभोवती हवा खेळू द्या, पानांवर पाणी टाळा.

साबणाच्या पाण्याचा किंवा तेलाचा फवारा सरसकट मारू नका. मांसल पानांवर त्याचे डाग पडतात. आधी एका पानावर लावून दोन दिवस वाट बघा.

१९. पानांच्या कडा लाल झाल्यात. आजारी आहे का?

नाही. जास्त ऊन किंवा गारठा मिळाला की असं होतं. पान टणक असेल तर तसंच राहू द्या.

२०. फुलं छान होती, एका रात्रीत मिटून कोमेजली. पाणीही बरोबर होतं. कशामुळे?

जवळ पिकलेली फळं होती का बघा. पिकणारी फळं इथिलीन वायू सोडतात आणि कलांचोची फुलं त्याला फार हळवी असतात: पाकळ्या आत वळून मिटतात आणि पुन्हा उघडत नाहीत. केळी, सफरचंद यांच्या टोपलीशेजारी ठेवू नका. गॅसच्या शेगडीजवळही नको. नुसत्या कळ्याच सुकत असतील तर कारण बहुधा उजेडाची कमतरता किंवा जागा अचानक बदलणं.

२१. घरात मांजर आहे. चालेल का?

ती झाडं कुरतडणारी असेल तर नको. कलांचोच्या सर्व भागांत हृदयावर परिणाम करणारी बुफाडायनोलाइड वर्गातली द्रव्यं असतात आणि फुलांत ती जास्त असतात. कुत्र्या-मांजरांना उलट्या, जुलाब होतात. जास्त खाल्लं गेल्यास हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत कलांचोच्या जाती खाऊन गुरं दगावली आहेत. खाल्ल्याचा संशय आला तर लक्षणांची वाट न बघता झाडाचा तुकडा घेऊन पशुवैद्याकडे जा. लहान मुलांच्याही हाताला येऊ देऊ नका, आणि छाटलेला कचरा गुरांपुढे टाकू नका.

२२. मी वाढवलेलं झाड विकतच्या झाडाइतकं गच्च आणि बुटकं का होत नाही?

विकतच्या कुंडीत बरेचदा एकाऐवजी तीन-चार छाटी एकत्र लावलेल्या असतात, आणि उत्पादक वाढ रोखणारी रसायनं वापरून पेरांमधलं अंतर कमी ठेवतात. त्या रसायनाचा असर ओसरला की झाड स्वतःच्या उंचीला जातं. ते तुमचं अपयश नाही. घरच्या घरी गच्चपणा हवा असेल तर एका कुंडीत चार छाटी लावा, दोनदा शेंडे खुडा आणि शेवटची खुडणी काळोखाचे दिवस सुरू करण्याआधी निदान महिनाभर आटपा. त्यानंतर खुडलेला प्रत्येक शेंडा म्हणजे गमावलेला तुरा.